शिक्षेची सावड

शाळेच्या विहिरीवरून चोरीला गेलेल्या त्या मोटरची घटना माझ्या मनातून अजून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, औद्योगिक वसाहतीतल्या रात्रपाळीच्या मारामाऱ्या तर किती सोडवल्या याचा हिशेब नाही. त्यांच्यापुढे एक मोटर म्हणजे काहीच नाही. पण या प्रकरणात आरोपी पहिल्या चौकशीपासून माझ्यासमोर बसलेला होता, 'मीच होतो' म्हणत होता, आणि त्याचं म्हणणं खोटं आहे हे मला सिद्ध करायचं होतं. पोलिसाच्या वाट्याला असं उलटं काम फार वेळा येत नाही.

निवृत्तीला थोडा काळ उरला होता. बोईसर भागातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. नवीन फौजदारी कायदा नुकताच लागू झाला होता आणि त्यात किरकोळ गुन्ह्यासाठी समाजसेवेची शिक्षा आली होती. पहिलाच गुन्हा, चोरीचा माल परत केलेला, तर न्यायालय आरोपीला तुरुंगाऐवजी ठराविक दिवस लोकांच्या उपयोगाचं काम करायला लावू शकतं. कागदावर हे वाचायला बरं वाटतं. प्रत्यक्षात त्या माणसाला काम कुठे द्यायचं, त्याच्यावर लक्ष कोणी ठेवायचं आणि तो आलाच नाही तर काय करायचं, हे सगळं कुणाच्या तरी डोक्यावर येतं. आमच्याकडे ते जिल्ह्याच्या परिवीक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, असलेल्या एका बाईंच्या डोक्यावर आलं होतं. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो.

मॅडमकडे गाडी नव्हती. स्वतःच्या स्कूटरवर त्या जिल्हाभर हिंडायच्या. तारापूरकडच्या किनाऱ्यावर मासळी सुकवायच्या जागेची सफाई, एका गावात स्मशानभूमीचं कुंपण, ग्रामीण रुग्णालयाची बाग, अशा जागा त्यांनी सरपंचांच्या हातापाया पडून मिळवल्या होत्या. हातापाया पडून हे मी उगाच लिहीत नाही. 'आमच्या गावात चोर पाठवू नका' हे उत्तर त्यांनी इतक्या वेळा ऐकलं होतं की त्या आता ते ऐकून चहा मागायच्या. आमच्या ठाण्याकडे काम एवढंच होतं की बीट हवालदाराने अधूनमधून जाऊन यायचं आणि महिन्याला अहवाल द्यायचा.

बेटेगावच्या बाजूला एका पाड्याजवळ जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिथे मॅडमनी एका माणसाला लावलं होतं. डोंगराकडच्या गावातला, तिशी ओलांडलेला, घरी पावसाच्या पाण्यावरची थोडी शेती, बाकीचं वर्ष कारखान्यात कंत्राटी काम. कारखान्यातून त्याने एक पितळी व्हॉल्व्ह पिशवीत घालून नेला होता आणि फाटकावरच सापडला होता. न्यायालयात पहिल्याच तारखेला 'घेतला, चुकलं' म्हणाला. दंडाधिकाऱ्यांनी समाजसेवा दिली. मे महिना होता, शाळेला सुट्टी होती, म्हणून वर्गांना चुना मारायचं आणि कुंपण नीट करायचं काम त्याला मिळालं.

एका सोमवारी सकाळी शाळेचे हेडमास्तर आणि गावचे सरपंच ठाण्यात आले. विहिरीवरची पाण्याची मोटर गेली होती. त्या मोटरवर शाळेचंच नव्हे तर शेजारच्या पाड्याचंही पिण्याचं पाणी होतं. हेडमास्तर शनिवारी दुपारपर्यंत शाळेत होते. कुंपण आटोपून चुन्याला त्याच दिवशी हात घातला होता. शिक्षावाला चुना कालवत होता, त्याच्याकडे मोटरघराची किल्ली देऊन ते घरी गेले. सोमवारी येऊन पाहतात तर मोटरघर उघडं.

सरपंच भले गृहस्थ होते, पण त्या दिवशी फार तापलेले होते. ते मला म्हणाले, "साहेब, चोराच्या हातात किल्ली दिली आणि वर तुमी आमाला सांगता, माणूस सुधारतो. बायामाणसं आता हंडे घेऊन हायवेपर्यंत चालल्यात."

फिर्याद घेतली, गुन्हा दाखल केला, पंचनाम्याला माणसं पाठवली. मोटरघराचं कुलूप तोडलेलं नव्हतं, किल्लीने उघडलेलं होतं. संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडे पसरली. मॅडमना दोन सरपंचांचे फोन आले की आमच्याकडची माणसं उद्यापासून पाठवू नका. वरिष्ठांनी मला सांगितलं की सरळ प्रकरण आहे, लवकर मिटवा. मॅडम ठाण्यात आल्या तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. त्या म्हणाल्या की हा माणूस दोषी निघाला तर तो तुरुंगात जाईलच, पण बाकीच्या सगळ्यांची कामंही बंद पडतील आणि पुन्हा कोणतंही गाव दार उघडणार नाही. दोषी असेल तर दोषी, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. खात्री करून घ्या, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मंगळवारी खबर आली. बोईसरच्या भंगार गल्लीत चहाची टपरी चालवणारा माझा एक जुना खबऱ्या होता. त्याने कळवलं की शनिवारी दुपारी एका दुकानात पाण्याची मोटर उतरली आहे. आम्ही गेलो. भंगारवाला आधी काही आठवत नाही म्हणाला. दुकानातला माल बाहेर काढायला सांगितल्यावर त्याला आठवलं. मागच्या पत्र्याखाली मोटर होती. कोणी आणली विचारलं तर म्हणाला, "साहब, एक चूनेवाला आदमी लाया था. हाथ-पाँव सब सफ़ेद थे."

माझे हवालदार माझ्याकडे बघून हसले. त्यांच्या मते तपास संपला होता. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा तसंच वाटलं आणि मॅडमना काय सांगायचं याचा विचार करत मी जीपमध्ये बसलो.

त्या माणसाला चौकशीला बोलावलं. आणायला जावं लागलं नाही, निरोप मिळताच तो स्वतः चालत आला. ठाणे अंमलदारासमोरच्या बाकावर तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला. मी त्याला आत घेतला, खुर्ची दिली, चहा दिला. चौकशीत मी पहिला चहा नेहमी देतो. दोषी माणूस तो एका घोटात संपवतो, निर्दोष माणूस कपाकडे बघतही नाही. याने चहा शांतपणे बशीत ओतून प्यायला, आणि माझी पद्धत तिथेच फसली.

शनिवारी शाळेत कोण होतं, असं मी विचारलं.

"मीच होतो साहेब."

मोटर कोणी काढली, या प्रश्नावर त्याने बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "मीच होतो ना. मंग मीच काढली असंल."

'असंल' हा शब्द मला खटकला. चोरी कबूल करणारा माणूस असं बोलत नाही. तो एक तर सगळी हकीकत सांगून मोकळा होतो, नाही तर दुसऱ्याचं नाव घेतो. निर्दोष माणूस चिडतो, रडतो, देवाच्या शपथा घेतो. हा यातलं काहीच करत नव्हता. दारात उभं राहून कोणाला आत येऊ द्यायचं नाही, असा त्याचा एकूण पवित्रा होता. मोटर कशावरून नेली, कुणाला विकली, सोबत कोण होतं, यातलं एकही उत्तर त्याला देता आलं नाही.

मी त्याला म्हटलं, हात पुढे कर.

त्याने दोन्ही तळवे माझ्या टेबलावर ठेवले. दिवसभर चुना कालवून भिंतींना मारणाऱ्या माणसाचे हात कसे होतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. बोटांच्या पेरांना भेगा पडतात आणि नखांच्या कडेला पांढरी रेघ राहते, ती चार आंघोळी केल्या तरी जात नाही. याच्या हातांवर चुन्याचा कणही नव्हता. त्याऐवजी तळव्यांवर बारीक चिरे होते आणि अंगठ्याजवळ दोरीने सोललेलं होतं. असे चिरे गवताच्या पातीने पडतात. हा माणूस शनिवारी चुना मारत नव्हता, कुठल्या तरी घराच्या छपरावर बसून गवत बांधत होता.

मी त्याला काही बोललो नाही. ठाण्यातच बसवून ठेवा, जेवायला घाला, असं सांगितलं आणि हवालदारांना घेऊन त्याच्या गावाकडे निघालो. माझे हवालदार जीपमध्ये कुरकुरत होते की माल मिळाला, माणूस कबूल आहे, मग या उन्हात डोंगर कशाला चढायचा. मी त्यांना म्हटलं, तुमचं पोट कमी होईल म्हणून.

गावात शिरल्यावर विचारायचीही गरज पडली नाही. पहिल्याच वळणावर एक घर नव्याने शाकारलेलं दिसलं. पावसाआधी छपराचं गवत बदलून घेतलेलं, अजून पिवळंधमक. अंगणात घरधनी म्हातारा बसला होता. शनिवारी छपरावर कोण कोण होतं, असं मी विचारलं तर त्याने सहज नावं सांगितली आणि त्यात आमच्या माणसाचं नाव होतं. म्हातारा म्हणाला, "मागल्या वर्षी आमी त्याचं घर शाकारलं. औंदा त्याला आमच्याकडं यायलाच लागतं. सावड हाय ना."

मी देशावरचा. आमच्याकडेही सावड आहे. तू माझ्या रानात एक दिवस काम कर, मी तुझ्या रानात एक दिवस करतो. घरातून कोण आलं हे कोणी बघत नाही. भाऊ आला, बायको आली, मेव्हणा आला, तरी दिवस भरला म्हणजे भरला. तिथे त्या अंगणात उभा असताना माझ्या सगळं लक्षात आलं, आणि मला हसू आलं आणि रागही आला. न्यायालयाने दिलेली शिक्षा या गड्याने सावडीवर काढली होती.

ठाण्यात परत आल्यावर मी त्याला सरळ विचारलं की तू शनिवारी छपरावर होतास, मग शाळेत कोण होतं. तो पुन्हा 'मीच होतो' म्हणाला. मी म्हटलं, तुझ्या गावात जाऊन आलोय, म्हाताऱ्याने सांगितलंय. तेव्हा तो पहिल्यांदा घाबरला.

"बायकोचा भाऊ व्हता साहेब. काम खोळंबायला नको म्हणून धाडला. आदी बी दोन येळा धाडलाय. काम तेच, दिवस तेवढाच."

मग चोरीचा आळ तू का घेतलास, असं मी विचारलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की हे काय विचारणं झालं.

"तो माझ्या जागी उभा रायला. त्याच्यावर आलं तं ते माझ्यावरच आलं ना. सावडीला आलेल्या माणसाला मी पोलिसात देऊ?"

मला त्या क्षणी त्याचा फार आदर वाटला. पण आदराने तपास होत नाही. भंगारवाल्याने चुन्याचे हात पाहिले होते आणि ते हात आता मेव्हण्याचे ठरत होते.

मेव्हणाही वसाहतीतच कामाला होता. दुपारची पाळी सुटताना आम्ही त्याला फाटकावर गाठलं. नखांच्या कडेला चुन्याची रेघ होती. त्याला मोटर चोरीला गेल्याचंच माहीत नव्हतं, कारण दाजींनी त्याला काही कळू दिलं नव्हतं. त्याने भर रस्त्यात सगळं सांगून टाकलं. शनिवारी गुरुजी गेल्यावर पाण्याचा टँकर चालवणारा तिथे आला. तो पाड्यात नेहमी दिसणारा, गुरुजींशी बोलणारा माणूस. मोटर दुरुस्तीला द्यायची आहे, गुरुजींनी सांगितलंय, हात लाव, असं तो म्हणाला. याने मोटरघर उघडलं, दोघांनी मिळून मोटर टँकरच्या केबिनमध्ये चढवली, बोईसरला नेऊन उतरवली, आणि टँकरवाल्याने याला पुन्हा शाळेत आणून सोडलं. याने राहिलेली भिंत पूर्ण केली आणि किल्ली शेजारच्या घरी देऊन घरी गेला.

विचारलं का नाही, असं मी म्हटलं तर तो म्हणाला, "शिक्षेचं काम साहेब. कोणी सांगितलं तं नाय कसं म्हणू?"

मी तसाच भंगार गल्लीत गेलो. भंगारवाल्याला आता वेगळा प्रश्न विचारला. मोटर चुनेवाल्याने आणली हे ठीक, पण पैसे कोणी घेतले? त्याचा चेहरा उतरला. थोडी टाळाटाळ झाली, मग टँकरवाल्याचं नाव बाहेर आलं. टँकरवाल्याला उचलला तेव्हा तो पाड्याला पाणी पुरवण्याच्या तयारीतच होता. मोटर गेली की पाड्याला टँकर लागणार, हे त्याचं गणित होतं. आणि शाळेत शिक्षा झालेला माणूस कामाला आहे म्हटल्यावर संशय आपल्यावर येणारच नाही, हे त्याने जबाबातही लपवलं नाही. "चोर तं तिथं व्हताच ना साहेब," असं तो म्हणाला. त्या वाक्याचा मला आजही संताप येतो.

प्रकरण इथे संपलं असं वाटेल, पण मॅडमच्या आणि माझ्या डोक्याला खरी कटकट इथून सुरू झाली. हेडमास्तरांनी जबाबात ठामपणे सांगितलं होतं की शनिवारी तोच माणूस होता. मी दोघांनाही हेडमास्तरांपुढे उभं केलं आणि विचारलं, गुरुजी, शनिवारी यातला कोण होता? त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दोघांची अंगकाठी थोडी सारखी होती, पण चेहरे अजिबात सारखे नव्हते. मग ते म्हणाले, "साहेब, मी त्याच्याकडे कधी नीट पाहिलंच नाही हो. शिक्षावाला आलाय एवढंच बघायचो." ते मनाने चांगले होते, म्हणूनच खोटं बोलले नाहीत.

आता प्रश्न हा की न्यायालयात काय सांगायचं. टँकरवाल्याविरुद्ध मेव्हण्याची साक्ष लागणार. मेव्हणा तिथे का होता हे सांगितलं की बदली माणूस पाठवल्याचं उघड होणार, आणि तो न्यायालयाच्या आदेशाचा भंग होता. त्यासाठी तुरुंग होऊ शकतो. माझ्या एका सहकाऱ्याने सुचवलं की मेव्हणा नुसता भेटायला आला होता असं लिहा, सगळेच सुटतील. मॅडमनी ते ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. खोट्या हजेरीवर ही शिक्षा उभी राहिली तर ती एका वर्षात मोडेल आणि मोडावीच, असं त्यांचं म्हणणं होतं. मलाही तेच वाटत होतं. आम्ही सगळं खरं लिहून दिलं, आणि त्या माणसाला तुरुंग होऊ शकतो हे त्याला समोर बसवून सांगितलं. तो म्हणाला की मेव्हण्यावर काही येणार नसेल तर हरकत नाही.

तारखेला मॅडम आणि मी दोघेही हजर होतो. दंडाधिकाऱ्यांनी अहवाल दोनदा वाचला आणि त्याला जवळ बोलावून विचारलं की स्वतःच्या जागी दुसरा माणूस का पाठवला.

"दिवस खाली गेला नाय साहेब. एक बी दिवस खाली गेला नाय," तो म्हणाला.

दंडाधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी त्याला समजेल अशा भाषेत सांगितलं की शेताचं काम कोणीही केलं तरी शेताला चालतं, पण ही शिक्षा भिंतीची नाही, तुझी आहे, आणि ती दुसऱ्या कोणी भोगली तर तुझी शिल्लकच राहते. मेव्हण्याने भरलेले दिवस धरले जाणार नाहीत, ते त्याने पुन्हा स्वतः भरावेत, असा आदेश झाला. तुरुंग टळला. मॅडमनी माझ्याकडे न बघता डोळे टिपले.

त्यानंतर आम्ही दोघांनी कामाची घडी बदलली. ज्या गावात माणूस पाठवायचा तिथे आधी त्याला घेऊन मॅडम आणि बीट हवालदार जाणार, त्याचं नाव, गाव, घर सांगणार. तिथल्या एका माणसाने त्याची जबाबदारी घ्यायची, त्याला नावाने हाक मारायची आणि दुपारी त्याच्यासोबत जेवायला बसायचं. 'शिक्षावाला' हा शब्द वापरायचा नाही. सरपंचांना मी स्वतः जाऊन सांगितलं की तुमच्या पाण्याची मोटर चोराने नेली नव्हती, तुमच्या रोजच्या ओळखीच्या माणसाने नेली होती. ते म्हणाले की त्याला परत आमच्याच शाळेत पाठवा.

त्याच्या शिक्षेच्या शेवटच्या दिवशी मी मुद्दाम शाळेवर गेलो. सुट्टी संपत आली होती. स्वयंपाकाच्या खोलीचं छप्पर गळत होतं, ते तो शाकारत होता. आवारातल्या आंब्याखाली त्याच्या गावचे बरेच जण बसलेले दिसले. म्हाताराही होता, मेव्हणाही होता. मला वाटलं, झालं, पुन्हा सावड. मी म्हाताऱ्याला जरा चढ्या आवाजात विचारलं की तुम्ही इथे काय करताय.

"काय नाय साहेब. आमी हात लावायचा नाय, असं त्यानं सांगितलंय. आमी नुसते बसलोय," म्हातारा म्हणाला.

इतकी माणसं एका माणसाला शिक्षा भोगताना सोबत करायला डोंगरावरून उतरून आली होती. मी टोपी काढून त्यांच्याशेजारी बसलो. पोलिसी नोकरीने मला माणसावर नजर ठेवायला शिकवलं होतं. माणसाकडे पाहायचं कसं, हे मात्र मी त्या मोटरच्या तपासात शिकलो, आणि शिक्षेने कोणी सुधारत असेल तर तो कोणी तरी त्याच्याकडे पाहत असल्यामुळेच सुधारतो, अशी माझी आता पक्की खात्री आहे.

उन्हं उतरली तेव्हा शेवटचा पेंढा बांधून झाला. हेडमास्तर व्हरांड्यात आले आणि त्यांनी वर बघून त्याला हाक मारली, त्याच्या नावाने, बापाच्या नावाने आणि आडनावाने. या आठवणींत कोणाचंच नाव लिहायचं नाही हा माझा नियम आहे, म्हणून तेही लिहीत नाही. पण छपरावरच्या माणसाने 'ओ' दिली आणि आंब्याखालचे सगळे उठून उभे राहिले.